विलायतेचं गणित अन् आमची जाऊ

पालकसभा संपली, खुर्च्या उचलल्या, की खाली पेन सापडतात, रुमाल सापडतात, एकदा तर कवळी सापडली होती. ते सगळं शाळेचा शिपाई गोळा करतो. गोष्टी मी गोळा करते. दोन वर्षांत इतक्या साचल्या की आमचे हे म्हणाले, "घरात फुलाच्या टोपल्या ठेवायले जागा नाई उरली. आता लिहून मोकळी हो." म्हणून बसले. चौथी शिकलेली आहे, अक्षर जाड आहे, पण खोटं लिहिणार नाही. आणि यातलं अर्धं हेव्यापायी घडलं, हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कोणी बोट दाखवायला नको.

आम्ही भातकुली तालुक्यातले. फुलांची शेती, माल अमरावतीला. अकोल्याच्या रस्त्यावर आमच्या वावराला लागूनच एक मोठी इंटरनॅशनल शाळा झाली. शेजारच्या गावच्या लेकरांना सवलत आहे म्हणाले, तशी मी पहिल्याच दिवशी माझ्या लेकीचा, गौरीचा, हात धरून रांगेत उभी. पंधरा दिवसांनी कळलं की अकोल्याच्या आमच्या धाकट्या जावेनं, ज्योतीनं, तिच्या वेदांतलाही तिथंच टाकलं. हॉस्टेलला. दोघं एकाच वर्गात.

ज्योती बी.कॉम. आहे. तिचं इंग्रजी, तिची पर्स, तिचं ते मान हलवून "हो का?" म्हणणं, सगळ्याचा मला हेवा आहे. बाई वाईट नाही. वाईट असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

*

दहावीला या लेकरांची गणिताची परीक्षा विलायतेची. पेपर तिकडून येतात, तपासायला तिकडंच जातात. हे समजावायला गणिताच्या मुग्धा मॅडमनी पहिली सभा घेतली. मॅडम पुण्याच्या, वय लहान, आवाज गोड.

म्हणाल्या, "गणिताचे दोन मार्ग आहेत. ज्यांना गणित जड जातं, त्यांनी कोर पेपर दिला तरी काही बिघडत नाही. उलट आम्हीच त्यांना सांगतो, कोर पेपर द्या."

मी पहिल्या रांगेत होते. उभी राहिले. "मॅडम, आमच्या वेळी कोरा पेपर दिला का मास्तर आमच्या पाठीवर लिहायचे. अन् तुमी शाळाच सांगून राहिल्या का कोरा द्या? मंग लेकरायनं दहा वर्षं गिरवलं कायले?"

मागून टाळ्या पडल्या. एक बाप्या म्हणाला, "बरोबर बोलून राहिली बाई."

मॅडम घाबरल्या. "काकू, रागावू नका ना."

"मी रागावली नाई, मी बोलून राहिली."

तेवढ्यात ज्योती उठली. "ताई, कोरा नाही, कोर. म्हणजे गाभा. इंग्रजी शब्द आहे तो."

सगळी सभा हसली. तिनं हळू सांगितलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. पण माईक तिच्या हातात होता.

*

मग मॅडमनी पुन्हा सांगितलं आणि मी एक एक अक्षर डोक्यात बसवलं. कोर पेपर सोपा, पण कितीही चांगला लिहिला तरी सी ग्रेडच्या वर जाता येत नाही. दुसरा एक्सटेंडेड, तो अवघड. त्यात ए मिळू शकतो. पण ई च्याही खाली घसरलं तर हातात काहीच नाही. आणि पुढं या शाळेत अकरावीला गणित घ्यायचं असेल, तर एक्सटेंडेडच पाहिजे.

गौरीला पुढं गणितच घ्यायचं आहे. लहान होती तेव्हापासून तिचं तेच. म्हणजे पोरगी कोरला बसली की तिचं पुढचं दार बंद, हे मला त्याच दिवशी समजलं.

ज्योतीलाही समजलं असावं. पायऱ्या उतरताना कोणी विचारलं नसताना म्हणाली, "आमच्या वेदांतचं तर एक्सटेंडेडच."

परीक्षेला अजून वर्ष होतं.

*

गेटबाहेर चार बाया मला घेरून उभ्या. इंग्रजी बोलणाऱ्या मॅडमना विचारायची लाज वाटते, माझी कोणाला वाटत नाही.

पुष्पाबाई म्हणाल्या, "बाई, मले त काईच नाई समजलं." या चांदूर रेल्वेकडच्या, काळ्या जमिनीच्या मालकीणबाई, मुलगा मंगेश आमच्याच वर्गात.

मी म्हटलं, "पाहा. कोर म्हणजे झेंडू. भाव थोडका, पण ढीग पडला तरी कोनी ना कोनी नेते, पूर्ण वाया जात नाई. एक्सटेंडेड म्हणजे निशिगंध. भाव चांगला, पण उन्हात मान टाकली का फेकायचा. आता सांगा, तुमचं पोट्टं कोनतं?"

"मंगेश झेंडूच बाप्पा," पुष्पाबाई म्हणाल्या. चेहऱ्यावरचं ओझं उतरलं त्यांच्या.

आठ दिवसांत सगळ्या शाळेत तेच सुरू. पोरांचे बाप एकमेकांना विचारत, "तुमचं झेंडू का निशिगंध?" एकदा तर मुग्धा मॅडमच ऑफिसात बोलताना म्हणून गेल्या, "काकू, गौरीला मला वाटतं सध्या झेंडूतच ठेवूया." नंतर जीभ चावली.

शब्द माझा, आणि पहिला मार त्याचा माझ्याच पोरीला बसला.

ज्योतीनं तो शब्द अकोल्याला नेला. तिकडच्या नातेवाइकांना सांगत सुटली, "वेदांत निशिगंध आहे." ज्या बाईनं जन्मात शेणाची पाटी उचलली नाही, ती.

*

सहामाहीचा निकाल लागला तेव्हा पुष्पाबाईचे मालक संत्रा बर्फीचा डबा घेऊनच शाळेत आले. शिपाई, ड्रायव्हर, ऑफिसातल्या बाया, सगळ्यांच्या हातावर दोन दोन. मलाही दिली.

"कायची बर्फी, भाऊ?"

"मंगेश गणितात पास."

"कोनती ग्रेड?"

त्यांनी कागद दाखवला. गणितापुढं इंग्रजीतला यू. "यू म्हणजे उत्तीर्ण. मी काय अडाणी हाय का?"

मी बर्फी तोंडात तशीच धरली. यू म्हणजे ग्रेडच नाही, कोरमधली अगदी तळाची जी सुद्धा नाही, म्हणजे नापासच, हे मला मॅडमनी दोनदा समजावलेलं. पुष्पाबाईकडं पाहिलं, त्या माझ्याकडं. शेवटी मीच सांगितलं. मला गोड बोलता येत नाही, सरळ सांगितलं.

त्यांनी डबा बंद केला. मग डब्याकडं पाहून म्हणाले, "ज्यायनं खाल्ली नाई, त्यायच्याकडून वापस घेऊ का?"

*

या परीक्षेला कॅल्क्युलेटर नेता येतो, हे ऐकून आमचे हे दोन दिवस खूश होते. "मंग अवघड काय हाय त्यात?"

ज्योतीनं वेदांतला अकोल्याहून काळं चकचकीत मशीन आणून दिलं, शंभर बटणांचं. झाकण सरकवलं की आवाज येई, खटक. तो आवाज तिनं मला तीनदा ऐकवला.

मी दुसऱ्या दिवशी बाजारात फुलं टाकून सरळ दुकानात गेले. म्हटलं, सगळ्यांत मोठा द्या. त्यानं मोठा दिला. किराणा दुकानदाराच्या गल्ल्यावर असतो तसा, अंडं बसेल एवढी बटणं, दाबलं की टुं वाजणारा. गौरीनं तो चाचणीला नेला. एक गणित झालं की सगळ्या वर्गाला कळे.

मॅडमनी मला बोलावलं. "काकू, याच्यात साइन नाही हो."

"नसन. कुठं करायची? मी करून देतो, आना पेन."

मॅडम टेबलावर डोकं ठेवून हसल्या. गौरी रडायच्या बेतात. मग कळलं, साइन म्हणजे सही नव्हे, त्रिकोणाचं काही असतं. बदलून आणला बाप्पा. तरी वेदांतसारखा खटक वाजणारा मिळाला नाही.

*

हिवाळ्यात मॅडमनी पालकांचाच पेपर घेतला. एकच प्रश्न, तीन मार्क. "म्हणजे तुम्हाला कळेल, तिकडं तपासतात कसं." फळ्यावर मराठीत लिहून दिला. बारा किलो सहाशे ग्रॅम तांदूळ तिघांत दोनास तीनास चार असा वाटायचा. सगळ्यांत मोठा वाटा किती? खाली लिहिलेलं, रीत दाखवा.

मी पाहिलं आणि लिहिलं, पाच किलो सहाशे. पेन खाली ठेवला. बाजारात असे वाटे मी चालता चालता करते. एकूण नऊ वाटे, एका वाट्याला एक किलो चारशे, चार वाट्यांचे पाच सहाशे. त्यात लिहायचं काय?

शेजारी ज्योतीचं पान भरत होतं. ओळीखाली ओळ, समास सोडून, रेघ मारून. शेवटी तिचं आलं सहा किलो चारशे. भागाकारात घसरली.

मॅडमनी तपासलं. मला एक, ज्योतीला दोन.

"कावून?" मी विचारलं. "उत्तर माहं बरोबर हाय."

"हो काकू. पण प्रश्नातच म्हटलंय, रीत दाखवा. तुम्ही नऊ वाटे कुठं लिहिलेच नाहीत. ज्योतीताईंनी लिहिले, भागायचं हेही लिहिलं, फक्त हिशोब चुकला. चालण्याचे मार्क असतात तिकडं, पोचण्याचा एकच."

"म्हणजे इनं तांदूळ चुकीचा वाटला, घरात भांडणं लागली, तरी इले दोन?"

ज्योती मान हलवून म्हणाली, "हो का?"

त्या दिवसापासून गौरीनं एक पायरी गाळली तरी मी वही तिच्या पुढ्यात आपटत होते. ती म्हणायची, "मॅडमपेक्षा तूच जास्त जीव खाऊन राहिली."

*

एका दुपारी मी ओसरीत गजरे करत होते, गौरी बाजूला गणितं.

"हे एक्स काय हाय वो?"

"ते माहीत नाई."

"माहीत नाई त लिहिलं कावून?"

"माहीत नाई म्हणूनच त्याले नाव द्यायचं, आई. मंग तो माहीत असल्यासारखं त्याच्यासंगं वागायचं. शेवटी तो सोताच सांगते, मी किती हाय."

माझी सुई थांबली. असं कोणी मला कधी सांगितलं नव्हतं.

"एक सांग बरं."

"तीन एक्स अधिक सात बरोबर एकतीस."

मी मनात तीन सारख्या टोपल्या मांडल्या, वर सात फुलं सुटी. सात बाजूला केली, चोवीस उरली. "आठ."

गौरी बघत राहिली. "आई, तू पाचवीत कावून नाई गेली?"

"पाचवी दुसऱ्या गावात होती. सायकल एक होती. तुहा मामा गेला."

"मामाले गणित येत होतं?"

"त्याचं मी करून द्यायची."

मला जावेचा हेवा वाटतो, ते गावाला माहीत आहे. भावाच्या सायकलचा वाटायचा, तेही कोणी ओळखलं असेल. पण त्या दुपारी मला गौरीचा वाटला. पोटच्या पोरीचा. ती पाणी प्यायला आत गेली तशी मी वही ओढली. खालचं गणित, पाच एक्स वजा चार बरोबर सव्वीस. तिनं उत्तर लिहिलेलं पाच. मी टोपल्या मांडून पाहिल्या, सहा येत होते.

चुकलेलं पाहून मला बरं वाटलं. खरं सांगते, बरं वाटलं. मग मी हाक मारून तिला दाखवलं.

*

सरावाच्या परीक्षेत गौरी एक्सटेंडेडमध्ये काठावर आली. ई, आणि तोही शेपटीचा. मॅडम म्हणाल्या, "थोडं घसरलं तर यू. कोरला बसली तर सी नक्की. पण मग अकरावीला गणित नाही. निर्णय तुमचा, फॉर्म पुढच्या शनिवारी."

घरी येऊन टेकते तोच ज्योतीचा फोन. "ताई, गौरीचं कसं झालं?"

"मस्त झालं. वेदांतचं?"

"छान. त्याचं एक्सटेंडेड ठरलेलंच आहे."

"गौरीचंही पक्कं हाय," मी म्हटलं. काही पक्कं नव्हतं.

फोन ठेवला तर समोर आमचे हे. सगळं ऐकलेलं. एरवी हा माणूस बोलत नाही, त्या दिवशी बोलला. "भांडण तुहं, जाऊ तुही, अन् पेपर पोट्टीनं द्यायचा?"

मी भांडी आपटली. पण जेवायला बसल्यावर मनात हिशोब सुरू झाला. यू आला तर ज्योतीला काय सांगायचं, हा विचार आधी आला. गौरीचं काय होईल, हा नंतर. त्या क्रमाची मला लाज वाटली.

*

शनिवारी मोठ्या हॉलमध्ये बाकं मांडलेली. एकेका बाकावर लेकरू आणि आईबाप. फॉर्मवर दोन चौकोन, कोर आणि एक्सटेंडेड. खाली चार ओळी कोऱ्या, पालकांनी निवडीचं कारण लिहावं, कोणत्याही भाषेत. आमचे हे बाजारात, म्हणून आम्ही दोघीच.

मी गौरीला विचारलं, "खरं सांग. माह्याकडं पाहू नको. तुले काय पायजे?"

ती बराच वेळ पेनाचं टोपण काढत घालत राहिली. "मले एक्सटेंडेडच पायजे. भेव वाटते, पन तेच पायजे. मले पुढं गणितच करायचं हाय. ज्योती काकूसाठी नाई, आई. सांगून ठेवतो."

"यू आला त?"

"यू आला त मी रडीन. पुन्हा देता येते, मॅडमले विचारलं मी."

मी विचारलं नव्हतं ते तिनं विचारून ठेवलेलं. मी चौकोनात खूण केली.

आता कारण. मला चांगली चांगली वाक्यं सुचली. मुलीचं उज्ज्वल भवितव्य, वगैरे. शेजारच्या बाकावर पुष्पाबाई कोरवर खूण करून मोकळ्या झाल्या होत्या, कारण लिहिलेलं, 'मंगेश सुखी राहील.' मी त्यांच्यासारखं लिहायला गेले तर हात चालेना. गौरीचं कारण गौरीचं होतं. फॉर्म मागत होता पालकाचं.

मग मी जाड अक्षरात लिहिलं, "माझ्या जावेच्या मुलाचं एक्सटेंडेड आहे. माझी मुलगी त्याच्याहून कमी नाही."

गौरीनं वाचलं. "आई, खोड ते."

"खरं हाय ते."

"म्हणूनच खोड म्हणून राहिली."

नाही खोडलं. उठून टेबलाशी गेले. मॅडमनी फॉर्म घेतला, वाचला, एकदा माझ्याकडं पाहिलं, पुन्हा वाचला. मग ढिगावर ठेवायला गेल्या. ढिगावर सगळ्यांत वर ज्योतीचा फॉर्म होता. सुंदर अक्षर, चारही ओळी भरलेल्या, सगळं इंग्रजीत. गौरी माझ्या खांद्यामागून वाकली होती. तिचे डोळे त्या ओळींवरून फिरलेले मी पाहिले. मग माझा फॉर्म त्यावर बसला आणि तो झाकला गेला.

हॉलच्या बाहेर आलो.

"काय लिहिलं वो तिनं?"

"आई, दुसऱ्याचं वाचू नये."

"वाचलं ना तू? मंग सांग."

गौरीनं ओठ दाबले. "मोठं मोठं इंग्रजी हाय. वेदांतले सरावात ई आला, पन..."

"ई? तिनं त छान म्हणून सांगतलं होतं."

"तू बी मस्त म्हणून सांगतलं होतं."

"बरं, पुढं?"

"पुढं लिहिलं, त्याची चुलत बहीण एक्सटेंडेडले बसून राहिली, म्हणून त्यानंही बसलं पायजे."

मी तिथंच उभी राहिले. समोरून ज्योती आली, वेदांतला पुढं पाठवून. पर्सचा पट्टा हातात पिळत होती. जवळ आली, इकडंतिकडं पाहिलं, आणि अकोल्याचं सगळं शहाणपण सोडून आमच्यासारखी बोलली.

"ताई, कारणात तुमी काय लिहिलं वो?"

म्हटलं, "तुनं लिहिलं तेच."